गच्चीवरचे ४४ आणि बातमीतले ३९

तुमचा प्रश्न असा आहे की, राजारामपुरीतल्या घराच्या गच्चीवर, पत्र्याच्या शेडखाली टांगलेला डिजिटल तापमापक गेले चार दिवस दुपारी ४४ अंश दाखवतो आणि बातम्यांत कोल्हापूरचे कमाल तापमान ३९ च्या आसपास सांगतात; तेव्हा खोटे कोण बोलते आहे, आणि घरी तापमानाची नोंद ठेवायची झाल्यास ती कशी ठेवावी. खोटे कोणीच बोलत नाही. तापमापक नेहमी स्वतःचे तापमान सांगतो. ते हवेच्या तापमानाइतके व्हावे अशी व्यवस्था करणे हे आपले काम असते, आणि घरगुती नोंदीतले निम्म्याहून अधिक कष्ट या एकाच कामात जातात.

मी शिवाजी उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, बरीच वर्षे काम केले. वितळलेल्या लोखंडात थर्मोकपलचे, म्हणजे दोन वेगळ्या धातूंच्या तारांच्या तापमापकाचे, टोक बुडवले की ते धातूला सर्व बाजूंनी चिकटून असते, म्हणून त्याचा आकडा काही क्षणांत स्थिर होतो आणि त्यावर विश्वास ठेवता येतो. हवेचे तसे नाही. हवा उष्णता देण्याघेण्यात फार दुबळी असते, त्यातून ती स्तब्ध असेल तर विचारायलाच नको. उलट तापलेला पत्रा, सिमेंटचा स्लॅब आणि ऊन यांची उष्णता किरणांच्या रूपाने थेट तापमापकावर येते, तिला मध्ये हवेची गरजही नसते. त्यामुळे पत्र्याखाली तुमच्या तापमापकावर ऊन पडत नसले, तरी वरून पत्रा आणि खालून स्लॅब असे दोघेही त्याला शेकत असतात आणि तो हवेपेक्षा चार-पाच अंश वर जाऊन बसतो. मी स्वतः पहिल्या वर्षी दक्षिणेकडच्या गॅलरीत तापमापक टांगून ४६ अंशांची नोंद केली होती आणि ती मोठ्या अभिमानाने तालमीच्या कट्ट्यावर सांगितली होती. त्यावर एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी, रंकाळ्याला उकळी फुटली का ते बघून या, एवढेच म्हटले होते.

याच अडचणीवर तोडगा म्हणून एकोणिसाव्या शतकात थॉमस स्टीव्हन्सन या स्कॉटिश दीपगृह-अभियंत्याने तिरक्या पट्ट्यांची पांढरी लाकडी पेटी तयार केली. स्टीव्हन्सन स्क्रीन या नावाने ती वेधशाळांच्या आवारात आजही दिसते. पट्ट्यांमधून वारा खेळतो, पण ऊन, जमिनीवरून परावर्तित झालेला उजेड आणि पाऊस आत शिरत नाही. फाउंड्रीसाठी ओतकामाचे लाकडी नमुने (पॅटर्न) करणाऱ्या एका सुताराने मला अशी पेटी करून दिली. पण एवढा खटाटोप करण्याची गरज नाही. कुंडीखाली ठेवतात तशा प्लास्टिकच्या आठ-दहा पांढऱ्या बश्या घ्याव्यात, वरच्या दोन सोडून बाकीच्यांच्या मध्यभागी भोक पाडावे, सर्व बश्या पालथ्या ठेवून लांब बोल्टच्या साहाय्याने दोन-दोन सेंटिमीटर अंतरावर एकीखाली एक बसवाव्यात आणि मधल्या पोकळीत तापमापकाचा सेन्सर सोडावा. दिसायला हे मधमाश्यांच्या मोठ्या पोळ्यासारखे दिसते, पण काम चोख करते.

जागेबद्दल मात्र थोडे सविस्तर लिहितो, कारण पुस्तकांतला एक सल्ला कोल्हापुरात उन्हाळ्यात फसतो. तापमापक उत्तरेच्या भिंतीवर लावावा, तिथे ऊन येत नाही, असे सर्रास सांगितले जाते. युरोपातल्या घराला ते बऱ्याच अंशी लागू पडते. कोल्हापूर मात्र सुमारे १६.७ उत्तर अक्षांशावर आहे. ६ मेच्या सुमारास दुपारी साडेबाराला सूर्य आपल्या बरोबर डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या काठीची सावली नाहीशी होते. त्यानंतर ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत मध्यान्हीचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. शिवाय मार्चअखेरपासूनच तो पूर्वेच्या थोडा उत्तरेकडे उगवतो आणि पश्चिमेच्या थोडा उत्तरेकडे मावळतो, म्हणजे सकाळ-संध्याकाळ तिरपे ऊन उत्तरेच्या भिंतीवर येतेच. विश्वास बसत नसेल तर मेमध्ये सकाळी सात वाजता घराच्या उत्तर बाजूला जाऊन उभे राहावे. तेव्हा भिंत कोणतीही असली तरी वर सांगितलेले आवरण हवेच, आणि शक्य असेल तर भिंतच टाळावी, कारण भिंत दिवसभर तापते आणि रात्री ती उष्णता परत सोडत राहते.

घरामागे परडे असेल तर मातीत किंवा गवतात खांब रोवून सेन्सर जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवर ठेवावा. आंब्याच्या गर्द सावलीत ठेवू नये. तिथे आकडा सुखद येतो, पण तो मोकळ्या हवेचा नसतो. तुमच्याकडे गच्चीच असेल, तर पत्र्याच्या शेडपासून जमेल तितके दूर, वारा लागेल अशा कोपऱ्यात, दोन मीटरचा पाइप उभा करून त्यावर आवरण बसवावे आणि वहीच्या पहिल्या पानावर ‘गच्ची, स्लॅबपासून दोन मीटर’ असे स्पष्ट लिहून ठेवावे. अशी नोंद वेधशाळेच्या आकड्याशी पूर्ण जुळणार नाही, विशेषतः रात्रीचे किमान तापमान जास्तच येईल. पण जागा बदलली नाही तर यंदाच्या एप्रिलची पुढच्या एप्रिलशी तुलना तिच्यावरून निश्चित करता येईल.

उपकरण तपासून घेणेही आवश्यक आहे. स्वस्त डिजिटल तापमापकात एखाद्या अंशाचा फरक सहज असतो. गोळेवाल्याकडून बर्फाचा चुरा आणावा, तो थर्मासमध्ये थोड्या गार पाण्यात कालवावा, सेन्सरला प्लास्टिकची पिशवी बांधून तो आत खोचावा आणि पंधरा मिनिटे थांबावे. आकडा शून्यावर यायला हवा. शून्यावर बरोबर असलेला सेन्सर चाळिशीत बरोबर असेलच असे नाही, म्हणून कोमट पाण्याच्या बादलीत एखाद्या खात्रीच्या तापमापकाशेजारीही तो पाहावा. हा काटेकोरपणा कोणाला हौशी माणसाचा अतिरेक वाटेल. मे २०२४ मध्ये दिल्लीतल्या मुंगेशपूर येथील स्वयंचलित केंद्रावर ५२.९ अंशांची नोंद झाली आणि देशभर खळबळ उडाली. हवामान विभागाने तपासणी केली तेव्हा तिथला सेन्सर प्रमाणित उपकरणापेक्षा सुमारे तीन अंश जास्त दाखवत असल्याचे आढळले. सरकारी केंद्रावर असे घडू शकते, तर आपली काय कथा.

इंग्रजी यू आकाराच्या नळीचा जुना कमाल-किमान तापमापक तुमच्याकडे असेल, तर त्यात पाऱ्याने ढकलल्या जाणाऱ्या दोन बारीक सुया असतात. सुईचे जे टोक पाऱ्याकडे असते, तिथला आकडा वाचायचा. वरच्या टोकाशी वाचला तर कित्येक अंशांची चूक होते. लिबियातील अल-अझिझिया येथे १३ सप्टेंबर १९२२ रोजी नोंदवलेले ५८ अंश हे तापमान नव्वद वर्षे जगातील सर्वोच्च मानले जात होते. जागतिक हवामान संघटनेने २०१२ मध्ये ते रद्द केले, आणि त्यामागच्या कारणांत अशाच प्रकारचा तापमापक व तो वाचणारा अननुभवी निरीक्षक यांचा समावेश होता.

आता वेळ. बहुतेकांची नोंद बिघडते ती इथे, आणि बिघडल्याचे लक्षातही येत नाही. समजा, तुम्ही मंगळवारी दुपारी साडेचारला कमाल तापमान वाचले आणि बटण दाबून उपकरणाने लक्षात ठेवलेली आधीची कमाल नोंद पुसली. त्या क्षणीही हवा ३८ अंशांवर आहे, म्हणून उपकरणाने ३८ ही नवी कमाल नोंद लगेच धरली. बुधवारी आभाळ आले आणि पारा ३४ च्या वर गेलाच नाही. तरी बुधवारी साडेचारला उपकरण ३८ च दाखवणार. एक तापलेला दिवस दोनदा मोजला गेला आणि महिन्याची सरासरी फुगली. वळिवाच्या दिवसांत, जेव्हा आजचा आणि उद्याचा दिवस एकमेकांशी जुळत नाहीत, ही चूक वारंवार होते. यावर उपाय म्हणजे सकाळी साडेआठला वाचणे. हवामान विभागाचीही ती एक ठरलेली वेळ आहे. तेव्हा दिसणारे किमान तापमान त्याच दिवसाच्या तारखेला लिहावे आणि कमाल तापमान आदल्या दिवसाच्या तारखेला. पहिले काही दिवस गोंधळ होतो. वहीत दोन वेगळे रकाने आखले की तो थांबतो. गावाला गेलात तर त्या दिवसांची जागा कोरी सोडावी. मोबाइलवरचा आकडा तिथे भरू नये, कारण तो बहुधा संगणकाने विस्तृत परिसरासाठी काढलेला अंदाज असतो, तुमच्या गल्लीतल्या कोणत्याही उपकरणाचा नसतो.

तुम्ही प्रश्नात ‘उष्णतेची लाट’ असे शब्द वापरले आहेत, त्याबद्दलही लिहिले पाहिजे. हवामान विभागाच्या निकषांनुसार सपाट प्रदेशात कमाल तापमान किमान ४० अंश असावे लागते आणि ते त्या ठिकाणच्या त्या दिवसांच्या सरासरीपेक्षा ४.५ अंश किंवा अधिक वर असावे लागते, फरक ६.४ च्या पुढे गेला तर लाट तीव्र मानली जाते. सरासरी काहीही असली तरी ४५ अंशांना लाट आणि ४७ ला तीव्र लाट धरतात. शिवाय त्या हवामान उपविभागातील, म्हणजे आपल्या बाबतीत मध्य महाराष्ट्रातील, निदान दोन केंद्रांवर ही स्थिती सलग दोन दिवस असावी लागते. सरासरी ३७ असेल तर कोल्हापुरात लाटेसाठी ४१.५ अंश लागतील, हे लक्षात घेतले की अंगाची लाहीलाही होत असूनही लाट जाहीर का होत नाही ते कळते. एका घराच्या वहीवरून लाट ठरवता येत नाही. मात्र किमान तापमानाचा रकाना तुम्ही नीट भरावा असे मी आग्रहाने सांगेन. दुपारच्या आकड्याची बातमी होते, पण झोप उडते ती रात्री. पेठांतल्या दाट वस्तीत पहाटेपर्यंत भिंती गार होत नाहीत, आणि हे कोणत्याही बातमीत न येता तुमच्या वहीत येईल.

हौस वाढली तर दुसरा एक काचेचा तापमापक घ्यावा, त्याच्या फुग्याला मलमलीची चिंधी गुंडाळावी आणि चिंधीचे टोक शुद्ध पाण्याच्या बाटलीत सोडावे. कोरड्या तापमापकावर ३८ आणि ओल्यावर २२ असेल तर हवेतील सापेक्ष आर्द्रता वीस-बावीस टक्क्यांच्या आसपास आहे असे समजावे; त्या दिवशी माठातले पाणी छान गार लागते. मे महिना सरत येतो तसा दोन्हींतला फरक कमी होत जातो, माठ नावापुरता उरतो आणि तापमान उतरूनही घाम वाळत नाही.

वळीव आला की त्याची वेळ शेऱ्यात जरूर लिहावी. ढगातून खाली कोसळणारी थंड हवा पावसाच्या थोडी आधीच पोहोचते. धूळ उडते, पत्रे वाजतात, आणि आवरणातला तापमापक अर्ध्या तासात दहा-बारा अंश खाली आलेला मी पाहिला आहे. गारा पडल्या तर पर्जन्यमापकात साचलेल्या गारा वितळू द्याव्यात आणि पाणी मोजावे. पावसाच्या नोंदीचा विषय कोल्हापुरात स्वतंत्र आहे. जूनमध्ये विचारा, लिहीन.

राहिला तुमचा चार दिवसांचा ४४ हा आकडा. तो खोडू नका. त्याच्या पुढे ‘पत्र्याच्या शेडखाली, आवरणाविना’ एवढे लिहा आणि नव्या जागेची नोंद वहीच्या नव्या पानावर सुरू करा. जमल्यास आठवडाभर दोन तापमापक दोन्ही जागी ठेवून पाहा, म्हणजे तुमचा पत्रा नेमके किती अंश वाढवतो हेही तुम्हाला लिहून ठेवता येईल.