प्रेझेंट परफेक्ट टेन्स नेमका कधी वापरायचा?

तुम्ही विचारलंय की ‘आय लॉस्ट माय की’ आणि ‘आय हॅव लॉस्ट माय की’ या दोन्हींचा अर्थ ‘किल्ली हरवली’ असाच होतो, मग दुसऱ्यात हॅव कशाला? मी नागपुरात इंग्रजीच्या शिकवण्या घेते. दहावीच्या मुलांचंही घोडं इथेच अडतं.

हॅव म्हटलं की ऐकणाऱ्याला कळतं, किल्ली अजून सापडलेली नाही. तुम्ही सीताबर्डीला गाडीपाशी ताटकळत उभे आहात. नुसतं लॉस्ट म्हटलं तर हरवण्याची घटना सांगितली, पुढे मिळाली की नाही ते कळत नाही. घटना मागची, पण बोलणं आत्ताच्या स्थितीबद्दल, अशा वेळी हॅव किंवा हॅज आणि क्रियापदाचं तिसरं रूप.

एवढं पुस्तकातही असतं. खरी फसगत होते ती मराठीच्या सवयीमुळे. ‘मी कालच नागपूरला आलोय’ हे आपण सहज बोलतो, म्हणून मुलं ‘आय हॅव कम यस्टर्डे’ लिहितात. ते चूक. यस्टर्डे, लास्ट वीक, इन 2019 अशी संपलेली वेळ आली की हॅव चालत नाही: ‘आय केम यस्टर्डे’. टुडे, धिस वीक अजून संपलेले नाहीत, तिथे चालतो.

दुसरी चूक जास्त चिवट आहे. ‘मी दहा वर्षांपासून नागपुरात राहतो’ हा मराठीत साधा वर्तमानकाळ, त्यामुळे ‘आय लिव्ह इन नागपूर सिन्स टेन इयर्स’ सर्रास ऐकू येतं. बरोबर वाक्य: ‘आय हॅव लिव्ह्ड इन नागपूर फॉर टेन इयर्स’. हे पाठच करा. कालावधीला फॉर, सुरुवातीच्या क्षणाला सिन्स.

आता आपल्याच शहराची दोन वाक्यं बघा. ‘नागपूर वॉज द कॅपिटल ऑफ मध्य प्रदेश अनटिल 1956.’ ते राजधानीपण संपलं, म्हणून वॉज. ‘दीक्षाभूमी हॅज ड्रॉन पीपल सिन्स 1956.’ लोक आजही येतात, म्हणून हॅज. साल एकच, काळ वेगळे!

अमेरिकन बोलण्यात ‘डिड यू ईट यट?’ ऐकाल, ते तिथे चालतं. परीक्षेत मात्र ‘हॅव यू ईटन यट?’ लिहा.

आणि गॉन-बीनचा घोळ घालू नका. ‘ही हॅज गॉन टू पुणे’ म्हणजे तो पुण्याला गेलाय, अजून तिकडेच आहे. ‘ही हॅज बीन टू पुणे’ म्हणजे जाऊन आलाय.