मामाकडे राहायला जाताना

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

मुंबईत नायगावच्या बीडीडी चाळीत मामाकडे राहून परीक्षेचा अभ्यास करणार आहेस, असं आईकडून कळलं. तू अंगण-पडवीच्या घरात वाढलास. मी कॉलेजची वर्षं तिथेच आत्याकडे काढली, म्हणून चार गोष्टी आधीच कानावर घालतो.

बीडीडी म्हणजे ‘बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट’; या चाळी त्या सरकारी खात्याने १९२०च्या दशकात बांधल्या. खोली १६० चौरस फुटांची, मोरी आतच, संडास मजल्याला सामाईक. मधून बोळ आणि समोरासमोर दारं. तिथे ‘माझा कोपरा’ शोधू नकोस, मिळणार नाही. मिळते ती वेळ, आणि तीही मामीच्या वेळापत्रकातून. म्हणून पहिला आठवडा नुसतं बघ. पाणी कधी येतं, पिंप कोण भरतं, मोरी कोणाला किती वाजता लागते, मामा कामावरून आल्यावर किती वेळ कोणाशी बोलत नाहीत. मग मामीलाच विचार, ‘मी कधी बसू अभ्यासाला?’ ती सांगेल ती वेळ पाळ. तू आल्याने सगळ्यांत जास्त अडचण तिचीच होणार आहे. दुपारी तासभर तिला खोली एकटीला मिळत असेल, तर त्या तासाला घरात थांबू नकोस. जवळच मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, १८९८ सालची संस्था. तिथे बसायची काय सोय आहे, विचारून ये.

शेजाऱ्यांचं तंत्र वेगळं. दिवसा दार उघडं असतं. लावून बसलास तर ‘बरं नाही का रे?’ म्हणून कोणीतरी डोकावेलच. ती चौकशी खरी असते, वैतागू नकोस. आणि समोरच्या घरात भांडण पेटलं की मामी टीव्ही मोठा करेल. टीव्ही ऐकायला नाही हं. आपलं लक्ष तिकडे नाही, एवढं समोरच्यांना कळावं म्हणून. दुसऱ्या दिवशी त्याच वहिनी विरजण मागायला येतील, तेव्हा चेहरा कोरा ठेव. हे तुला जमलं की तू मजल्यावरचा झालास.

रात्री पथारी बहुधा बोळात पडेल. पुरुष मंडळी तिथे झोपतात, त्यात कमीपणा नाही. सकाळी मात्र बायका पाण्याला उठायच्या आत वळकटी गुंडाळलेली हवी. फोनवर बोलायचं तर खाली जा. बोळात कुजबूज जास्त ऐकू जाते, का कोण जाणे!

आता जरा नाजूक गोष्ट. या चाळींच्या पुनर्विकासाचं काम चालू आहे. वरळीच्या बीडीडी चाळींतल्या २०२५च्या ऑगस्टमध्ये ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्याही मिळाल्या. त्यामुळे खोली कोणाच्या नावावर, हा विषय आता घराघरांत तापलेला असतो. मामांना विचारल्याशिवाय आधार कार्डावर किंवा बँकेत तिथला पत्ता लावू नकोस. तुझ्या मनात काही नसेल, पण भावाभावांत आधीच कुरबुर असली तर भाच्याचा एक कागदही पुरतो. आणि त्या विषयावर तुझं मत कोणी विचारलंच, तर ‘मला त्यातलं कळत नाही’ म्हणून मोकळा हो.

पैशांचं मामा नको म्हणतील. मग महिन्याचा गॅस किंवा दूध तू परस्पर आणत जा. हातात नोटा ठेवशील तर दोघांनाही अवघड होईल.

येताना कोकम आणि कुळथाचं पीठ आण, पण दोन पिशव्या कर. एक घरात, एक मजल्यावर वाटायला. फणस मात्र आईने कितीही आग्रह केला तरी आणू नकोस. ठेवणार कुठे?

तुझे
सर