खांब लागेपर्यंत

कोल्हापूर

पोरी,

‘भारत-बांगलादेश सीमावाद १९७४ मध्ये मिटला’ हे तुझ्या निबंधाचं पहिलं वाक्य. आणि शेवटी तूच विचारतेस, मग जमिनींची अदलाबदल २०१५ मध्ये का? पहिलं वाक्य खोड, उत्तर मिळेल. हद्दीवर खांब लागेपर्यंत वाद मिटला म्हणायचं नाही.

१६ मे १९७४ ला इंदिरा गांधी आणि शेख मुजीब यांनी सह्या केल्या त्या सीमाकराराच्या कागदावर. त्यापुढे मंजुरी, दोघांनी मिळून करायची मोजणी, खांब, आणि शेवटी पट्ट्यापट्ट्यानं काढलेल्या नकाशांवर सह्या, एवढं सगळं उरतं. यातलं एक अडलं तरी गाडं थांबतं.

मंजुरीला तू घटनेचा अनुच्छेद ३ लावलास. आपल्याकडे सीमाप्रश्न म्हटलं की बेळगाव-निपाणीच डोळ्यांपुढे येतं, म्हणून झालं असेल. पण तो अनुच्छेद राज्यांच्या हद्दींपुरता. परक्या देशाला जमीन द्यायची तर घटनादुरुस्तीच लागते, हे सर्वोच्च न्यायालयानं बेरुबारी प्रकरणात १९६० मध्येच सांगून ठेवलंय. बांगलादेशनं १९७४ मध्येच मंजुरी दिली. आपली १०० वी घटनादुरुस्ती व्हायला २०१५ उजाडलं.

आता मुहुरी नदी बघ, त्रिपुरातल्या बेलोनियाजवळची. १९७४ चा करार म्हणतो, हद्द नदीच्या मध्यातून, पण सीमांकनाच्या वेळी नदी जशी असेल तशी. एकदा आखली की कायम. दोघांनी आपापल्या काठाला बांध घालून नदी धरून ठेवायची. वाचायला चोख. आखणी लांबली, आणि नदी काय वाट बघत बसते? पंचगंगेच्या मळीत ज्याचं रान आहे त्याला विचार, एका पुरात काठ कुठं जातो. २०११ च्या प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे त्याच कराराच्या पुरवणीत, मग काय लिहावं लागलं? खांब क्रमांक २१५९/४८-एस पासून रेषा पश्चिमेला निघते, स्मशानघाटाच्या दक्षिण हद्दीला भिडते, घाटाच्या बाहेरून वळसा घेते आणि मग नदीच्या मध्याला मिळते. एका स्मशानघाटासाठी एवढी शब्दांची कसरत! तू हे कलम ‘तांत्रिक तपशील’ म्हणून गाळलंस. वाद तिथंच होता गं.

भारतानं जमीन गमावली का, हा तुझा दुसरा प्रश्न. छितमहल म्हणजे एका देशाच्या पोटात अडकलेला दुसऱ्या देशाचा तुकडा. आकडे सांगतात १११ छितमहल, १७,१६० एकर दिले. ५१ छितमहल, ७,११० एकर घेतले. वजाबाकी कुणालाही येते. पण दिलेली जमीन बांगलादेशच्या पोटात होती, आपल्या तलाठ्याचं पाऊल तिथं पडत नव्हतं. २०११ च्या संयुक्त शिरगणतीत दोन्हीकडे मिळून ५१ हजारांवर माणसं निघाली. त्यांना नागरिकत्व निवडायला दिलं, हे तुझ्या निबंधात एका ओळीत उरकलंय. वाढव.

करारांच्या तारखा पाठ करून घेण्यात आम्हीच तुमची वर्षं घालवली, ते खुपतं. म्हणून हटून बसतोय. किचकट म्हणा हवं तर. खांब, पोरी, खांब.

१९७४ चा आणि २०११ चा, दोन्ही मसुदे शेजारी ठेवून मुहुरीचं कलम वाच, बदललेल्या शब्दांखाली रेघ ओढ. सर क्रीक, कच्छजवळची भारत-पाकिस्तान वादातली खाडी, रविवारी घेऊ; तिथं १९१४ च्या मुंबई सरकारच्या ठरावाच्या नकाशातली हिरवी रेघच भांडणाचं मूळ आहे. येताना कच्छचा नकाशा आण, गुंडाळून. मागच्या वेळी नेमकी खाडीवरच घडी पडली होती.