डिजिटल ट्विनमुळे शहरात विषारी वायू कुठे पसरेल हे आधी कळतं का?

कळतं, पण वाऱ्याची नोंद खरी असेल तरच. इमारतींसकट शहराची प्रतिकृती संगणकात उभी करतात, तोच डिजिटल ट्विन, आणि तिच्यात वारा सोडून पाहतात. अमेरिकेत ओक्लाहोमा सिटीत २००३ च्या उन्हाळ्यात सल्फर हेक्साफ्लोराइड हा बिनविषारी वायू मुद्दाम सोडून ठिकठिकाणी मोजला होता, तो असली गणितं ताडून पाहायलाच. उंच इमारतींमागे वारा घुमतो, वायू कधी उलट्या दिशेलाही सरकतो.

मी विदर्भातला कास्तकार. एका वीज केंद्राच्या राख बंधाऱ्याच्या, म्हणजे जळालेल्या कोळशाची राख साठवतात त्या तळ्याच्या, नैऋत्येला आमचं वावर आहे. बंधारा वाढवायचा म्हणून जनसुनावणी झाली, तेव्हा सल्लागार साहेबांनी पडद्यावर असल्याच गणिताचा रंगीत नकाशा दाखवला. राखेचा पिवळा पट्टा पूर्वेकडे गेलेला, आमच्या धुऱ्याला न शिवलेला. माझे काका उठले. म्हणाले, "साहेब, हिवाळ्यात या. पऱ्हाटीचं बोंड हातात घेऊन पाहा." त्या साली शेवटच्या वेचणीचा कापूस मळका म्हणून व्यापाऱ्याने भाव पाडला होता, तुरीच्या पानांवर बोट फिरवलं की रेघ उमटायची. साहेब म्हणाले, "मॉडेलमध्ये तसं येत नाही." काका खाली बसले, आणि ते मला अजून सहन होत नाही.

येणार कसं? अहवालात हवेच्या नोंदी मार्च ते मे या तीनच महिन्यांच्या होत्या. तेव्हा आमच्याकडे वारा पश्चिमेकडून येतो. हिवाळ्यात तो ईशान्येकडून येतो, म्हणजे बंधाऱ्यावरून थेट आमच्याकडे. त्यात पहाटे थंड हवा जमिनीलगत दबून राहते आणि धूळ वर जात नाही. भोपाळला डिसेंबर १९८४ मध्ये रात्रीच्या अशाच थंड, संथ हवेत वायू वस्तीवर बसून राहिला.

म्हणून तुमच्या शहरात कोणी असं ट्विन दाखवलं, तर चित्राकडे नंतर बघा. वारा कुठे मोजला, कोणत्या महिन्यांत मोजला, हे आधी विचारा. उत्तर लेखी घ्या. पहाटेचे आकडेही मागा.

ट्विन वाईट नाही. एखादी टाकी फुटली तर पूर्ण गणिताला तास लागतात, म्हणून निरनिराळ्या दिशांच्या वाऱ्याची गणितं आधीच करून ठेवतात, आणि अग्निशमन दलाला त्याचा खरा उपयोग होतो. आमच्या ग्रामपंचायतीच्या छतावर मात्र वारा मोजायचं यंत्र अजून बसलेलं नाही. त्यासाठीचा अर्ज मी पुन्हा देणार आहे, काकांच्या सहीने.