मीटिंगमध्ये कुणी ओळखीचं भेटलं तर?

"मॅडम, दारू सोडायला मी तयार हाय. पण त्या मीटिंगला नको. आमच्या गल्लीत कुणाच्या कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या तेबी लोकांना म्हाईत असतंय. उद्या बेळगावभर होईल की!"

मीटिंग म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या 'अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस' गटाची बैठक. दारू सोडवण्याच्या कामात, खानापूर असो, निपाणी असो, ही भीती मी थोड्याफार फरकानं सगळीकडे ऐकते. या वेळी बोलत होते उद्यमबागेत लेथवर काम करणारे एक गृहस्थ. त्यांना आपण मारुतीराव म्हणू. नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत. सोबत बायको आणि मेव्हणा.

त्यांचं बोलणं संपायच्या आत वहिनी म्हणाल्या, "गणपतीच्या मिरवणुकीत गटारीत पडला होतासा, ते कुणी बघितलं न्हाई व्हय?"

वहिनींचं खरं होतं. पण असं तोंड बंद केल्यानं कुणी मीटिंगला जात नाही. पिऊन पडलेलं दिसणं ही एक लाज. शुद्धीत असताना चारचौघांत "मला हे एकट्याला जमत नाही" म्हणणं ही दुसरी, आणि ती जास्त झोंबते. मी तो विषय तिथंच ठेवला आणि त्यांच्या हातांबद्दल विचारलं. सकाळी एक क्वार्टर पोटात गेल्याशिवाय मायक्रोमीटर धरता येत नाही, माप चुकतं, जॉब रिजेक्ट होतो, असं त्यांनी मान खाली घालून सांगितलं.

मग मीटिंगच्या आधी डॉक्टर. रोज सकाळपासून पिणाऱ्यानं एकदम बंद केली तर पहिल्या 6 ते 48 तासांत फिट येऊ शकते, दोन-तीन दिवसांत भास, भ्रम सुरू होऊ शकतात. त्यात जीवही जातो. देवाची शपथ घालून खोलीत कोंडून ठेवणारे नातेवाईक मला अजून भेटतात. जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात किंवा धारवाडच्या डिमहान्स या सरकारी मानसोपचार संस्थेत दाखवा, असं मी सांगितलं. तेवढ्यात मेव्हण्यानं खिशातून गोळ्यांची पट्टी काढली. "कुणीतरी दिल्यात. भाजीत घालून देऊ काय?" अजिबात नाही. दारूचा तिटकारा आणणाऱ्या या गोळ्यांवर माणूस नकळत प्यायला तर बीपी, हृदय कशालाही धोका होऊ शकतो. त्या डॉक्टरच्या देखरेखीखाली, घेणाऱ्याला सांगूनच द्यायच्या.

औषधोपचार सुरू झाल्यावर मीटिंगचा विषय पुन्हा निघाला. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, म्हणजे लोकांच्या तोंडी 'एए', 1935 साली अमेरिकेत अॅक्रन गावी दोन दारुड्यांनी सुरू केलं. त्यातला एक स्वतः डॉक्टर होता. सभासद व्हायला अट एकच, दारू सोडायची इच्छा. फी नाही, अर्ज नाही, आडनाव कुणी विचारत नाही. शेवटी थैली फिरते, तीत ज्यानं त्यानं ऐपतीप्रमाणे टाकायचं. बाहेरच्याची देणगी ते घेत नाहीत. "मी आज नुसता ऐकायला आलोय" एवढं म्हटलं की पुरतं.

गट शोधायचा तर व्यसनमुक्ती केंद्रात किंवा मानसोपचार विभागात विचारावं, नाहीतर 14446 या सरकारी मोफत क्रमांकावर. फोन लागला की दोन गोष्टी विचारून घ्याव्यात: मीटिंग खुली आहे की बंद, आणि बोलणं कुठल्या भाषेत चालतं. खुल्या मीटिंगला घरचं माणूस बरोबर चालतं, बंद मीटिंग फक्त पिणाऱ्यांची. आपल्या भागात भाषेचा प्रश्न उगाच मोठा होतो. मारुतीरावांच्या गटात कुणी मराठीत बोले, कुणी कन्नडात, मध्येच हिंदी. "कन्नड समजतंय, बोलाय येत न्हाई," म्हणाले. ऐकायला तेवढं पुष्कळ. गावात फारच संकोच वाटत असेल तर सुरुवातीला हुबळी किंवा कोल्हापूरचा गट गाठावा. मारुतीरावांना मात्र शिफ्ट सांभाळून ते जमण्यासारखं नव्हतं.

पहिल्या मीटिंगहून ते वैतागून आले. "ती लई पिणारी माणसं हाईत, मॅडम. मी तसला न्हाई." हे जवळजवळ प्रत्येक जण म्हणतो. मी म्हटलं, कोण किती पीत होता ते सोडा, सकाळी कुणाचे हात थरथरत होते तेवढं ऐकून या.

आणि ओळखीचा माणूस? तो भेटलाच, शेजारच्या गावचा. महिन्याभरानं बसस्टँडवर समोरून आला आणि सरळ पुढं निघून गेला. मारुतीराव रागावून मला सांगत होते, "मीटिंगला गळ्यात पडतंय, आणि बाहेर ओळखसुद्धा दाखवलं न्हाई बघा!" मला हसू आवरेना. ओळख न दाखवणं हा गटाच्या शिस्तीचाच भाग आहे, हे कळायला मारुतीरावांना जरा वेळ लागला. पुढं दोघांनी ठरवून टाकलं: बाहेर भेटल्यावर फक्त पाऊसपाण्याचं बोलायचं.

गावच्या यात्रेला पाहुणे आले, गोव्याची बाटली निघाली आणि मारुतीराव प्यायले. आता कुठल्या तोंडानं जायचं म्हणून घरी बसले. गटातल्याच एकानं फोन करून बोलावून घेतलं. तिथं घसरलेल्याला बाहेर काढत नाहीत. जाताना वहिनींनी विचारलं, "मी काय करू? मलाबी कुठंतरी बोलायचं हाय." पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी अल्-अॅनॉन नावाचे वेगळे गट असतात. त्यांची चौकशी आता त्या स्वतः करताहेत, नवऱ्याला न विचारता.