‘पीएच.डी. होईपर्यंत तिशी येईल’: सोलापूरच्या एका मेडिकलवाल्या वडिलांना उत्तर

प्रश्न: माझं सोलापुरात पूर्व भागात मेडिकल दुकान आहे. मी स्वतः फार्मासिस्ट आहे. मोठी मुलगी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. रसायनशास्त्र मुख्य विषय, जोडीला बायोटेक. बारावीला तिनं गणित घेतलं नव्हतं. कॉलेजात एक व्याख्यान ऐकून आली आणि आता म्हणते, पेशीच्या पडद्यातले मेद आणि प्रथिनं यांवर संशोधन करायचं. मला वाटतं तिनं फार्मसी करून दुकान बघावं. आयटीतला भाचा म्हणतो, हे सगळं आता एआय करणार. नातेवाईक म्हणतात, पीएच.डी. होईपर्यंत तिशी येईल. याला स्कोप आहे का? बाहेरगावी पाठवावं का? (नाव छापू नये.)

नमस्कार मालक,

स्कोपचं नंतर बोलू. पोरगी काहीतरी हवेतलं बोलतेय, अशी घरात समजूत झालेली दिसते. तेव्हा आधी विषय जमिनीवर आणू.

आज रात्री शटर ओढायच्या आधी रॅककडे एक नजर टाका. ब्लडप्रेशरची ॲम्लोडिपिन काय करते? रक्तवाहिनीच्या स्नायूपेशीच्या पडद्यात कॅल्शियम आत शिरायची जी वाट आहे, ती अडवते. टेल्मिसार्टन तिथल्याच अँजिओटेन्सिनच्या रिसेप्टरवर, म्हणजे त्याचा निरोप पकडणाऱ्या प्रथिनावर, ठाण मांडते. दमेकऱ्याचं साल्ब्युटामॉल श्वासनलिकेतल्या बीटा-2 रिसेप्टरला चेतवतं. सेट्रिझिन हिस्टामिनच्या रिसेप्टरवर, पॅन्टोप्राझोल जठरातल्या आम्ल सोडणाऱ्या पंपावर, आणि अलीकडे शुगरवाल्यांना सर्रास लिहून दिली जाणारी डॅपाग्लिफ्लोझिन मूत्रपिंडातल्या साखर परत ओढणाऱ्या वाहकावर. ही सगळी प्रथिनं, आणि सगळी पेशीच्या पडद्यात रुतलेली. माणसाच्या जनुकांपैकी साधारण पाव हिस्सा अशा प्रथिनांचा आहे. बाजारातल्या औषधांपैकी जवळपास एक तृतीयांश तर त्यांतल्या एकाच घराण्यावर, म्हणजे जीपीसीआर रिसेप्टरांवर, काम करतात. या घराण्यावरच्या कामासाठी लेफ्कोविट्झ आणि कोबिल्का यांना 2012 चं नोबेल मिळालं. तेही रसायनशास्त्राचं, म्हणजे तुमच्या मुलीच्याच मुख्य विषयाचं.

मग मेदाचं काय? शाळेत शिकलो तेवढंच आपल्याला ठाऊक असतं: मेदाचे दोन थर, जाडी जेमतेम 5 नॅनोमीटर, काम आतलं आत आणि बाहेरचं बाहेर ठेवायचं. एवढंच असतं तर तुमच्या मुलीनं त्यात जीव गुंतवावा असं काही नव्हतं. पण हे मेद निरोपही पोचवतात.

इन्सुलिनचंच घ्या. तुमच्या फ्रीजमध्ये आहेच. आपलं काम करायला इन्सुलिनला पेशीच्या आत शिरावं लागत नाही. ते बाहेरूनच रिसेप्टरला चिकटतं. रिसेप्टरचं आतलं टोक जागं होतं आणि पीआय-3 कायनेज नावाचं विकर (एन्झाइम) पडद्यापाशी ओढलं जातं. हे विकर पडद्याच्या आतल्या थरातल्या पीआयपी-2 या मेदरेणूवर एक फॉस्फेट चढवतं, की झाला पीआयपी-3. एवढासा बदल, पण एकेटी नावाचं प्रथिन तेवढ्या खुणेवर येऊन पडद्याला चिकटतं आणि तिथं कामाला लागतं. मग पेशीच्या पोटात राखून ठेवलेले ग्लुट-4 हे साखरेचे वाहक पडद्यावर आणले जातात. स्नायूपेशीत साखर शिरते ती त्यानंतर. म्हणजे जेवणानंतर साखर उतरते त्या साखळीत मधली एक कडी चक्क मेदाची आहे. याच्या उलटही घडतं. स्नायूंत आणि यकृतात चरबी साचली की डायअसिलग्लिसेरॉल, सेरामाइड असे मेदरेणू वाढतात आणि इन्सुलिनचा निरोप नीट पोचेनासा होतो. या दोघांतला मुख्य गुन्हेगार कोण, यावर शास्त्रज्ञांची अजून जुंपलेली आहे. जिथं अशी भांडणं चालू असतात तिथं नव्या माणसाला जागा असते, असं माझं मत.

ॲटॉर्व्हास्टॅटिनची कहाणी मला याहून आवडते. गोळी यकृताच्या पेशीत कोलेस्टेरॉल बनवणारं विकर अडवते, इथपर्यंत तुम्हाला माहीत आहे. पुढची गंमत अशी की पेशीच्या आतल्या जाळीदार पडद्यात कोलेस्टेरॉल किती आहे, याचा अंदाज स्कॅप नावाचं प्रथिन घेत असतं. ते प्रमाण घसरलं की निरोप केंद्रकापर्यंत जातो आणि पेशी एलडीएल (रक्तातलं ‘वाईट’ कोलेस्टेरॉल) पकडणारे रिसेप्टर जास्त बनवायला लागते. रक्तातलं एलडीएल उतरतं ते मुख्यतः या वाढलेल्या रिसेप्टरांमुळं. एलडीएल रिसेप्टर शोधणाऱ्या ब्राउन आणि गोल्डस्टाइन यांना 1985 मध्ये नोबेल मिळालं. स्कॅप त्यांच्याच प्रयोगशाळेत सापडलं, पण त्यानंतर.

आणि 2021 चा उन्हाळा तुम्ही विसरला नसाल. काळ्या बुरशीच्या रुग्णांचे नातेवाईक लायपोसोमल ॲम्फोटेरिसिन बी साठी दुकानं पालथी घालत होते. ते औषध बुरशीच्या पडद्यातल्या अर्गोस्टेरॉलला धरतं. आपल्या पडद्यात अर्गोस्टेरॉल नाही, कोलेस्टेरॉल आहे, पण दोघं नात्यातलेच. म्हणून साधं ॲम्फोटेरिसिन रुग्णाच्या मूत्रपिंडालाही त्रास देतं. तेच औषध मेदाच्या सूक्ष्म पुटिकांमध्ये बसवलं की त्रास बराच कमी होतो. त्या दोन कुपींच्या किमतीतला फरक तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक.

तेव्हा विषय भक्कम आहे. मुलगी त्याला पुरी पडेल का, हा खरा प्रश्न. आणि तुमच्या पत्रातली ‘बारावीला गणित घेतलं नव्हतं’ ही ओळ मला तिशीपेक्षा जास्त काळजीची वाटते. जीवशास्त्र आवडतं, गणित नको, म्हणून संशोधनात जायचं, असं सांगणारी मुलं माझ्याकडे खूप येतात. वनस्पतींचं वर्गीकरण किंवा परिसंस्था म्हणाली असती तरी मी गणित कर असंच सांगितलं असतं, पण आवाज थोडा खाली ठेवून. पडद्याच्या अभ्यासात ती सूट नाही. पडद्यावरचा विद्युतदाब, मेदांची सरमिसळ, रिसेप्टर आणि औषध यांची जवळीक, सगळं शेवटी समीकरणात जाऊन बसतं.

तिला एक काम द्या. भरलेल्या रिसेप्टरांचा हिस्सा काढायचं साधं सूत्र असं: औषधाचं प्रमाण भागिले, औषधाचं प्रमाण अधिक केडी. केडी ही त्या औषधाच्या आणि रिसेप्टरच्या जोडीची ठरलेली संख्या. औषध केडीइतकंच असेल तर निम्मे रिसेप्टर भरतात. आता विचारा, 10 टक्के रिसेप्टर भरलेले आहेत, ते 90 टक्के व्हायला औषध किती पट वाढवावं लागेल? उत्तर 81 पट आहे, पण ते सांगू नका. तिनं वहीत मांडून काढलं, आलेख काढला आणि वर विचारलं की मग पेशी थोड्याशा बदलालाही एवढा झटक्यात प्रतिसाद कशी देते, तर बिनधास्त पुढं जाऊ द्या. मोबाइलवरून उत्तर आणलं आणि वही मिटली, तर व्याख्यान छान होतं, इतकाच त्याचा अर्थ. तसं झालं तरी बिघडत नाही. रसायनशास्त्राच्या पदवीवर औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलची नोकरी मिळते आणि पुष्कळांचं घर त्यावर नीट चालतं.

दुसरी गोष्ट चिकाटीची. मायोग्लोबिन या प्रथिनाची त्रिमितीय रचना 1958 मध्ये उलगडली. पडद्यातल्या पहिल्या प्रथिनाची तशी बारीक रचना यायला 1985 उजाडलं, आणि तीन वर्षांत त्या कामाला नोबेलही मिळालं. एवढा उशीर का? कारण हे प्रथिन मेदातून उपसून काढलं की बिघडतं. ते साबणासारख्या डिटर्जंटमध्ये धरून ठेवायचं, चार अंशांच्या थंड खोलीत तासन्‌तास शुद्ध करायचं, आणि संध्याकाळी बघावं तर नळीच्या तळाशी पांढरा गाळ. सगळं पहिल्यापासून. वैतागून का होईना, दुसऱ्या दिवशी पुन्हा खोलीत जाणारा स्वभाव लागतो. तो तिच्यात आहे का, हे तुम्ही घरात बघताच.

भाच्याचं निम्मं बरोबर आहे. प्रथिनांच्या रचनेचं भाकीत करणाऱ्या अल्फाफोल्ड या एआयच्या कामाला 2024 च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला, आणि ज्यावर पूर्वी वर्षं जायची ते आता काही मिनिटांत पडद्यावर दिसतं (हा पडदा संगणकाचा). पण ते प्रथिन कोणत्या मेदांच्या शेजारात कसं वागतं, कधी उघडतं, कधी मिटतं, हे अजून प्रयोगातूनच ठरवावं लागतं. बीटा-2 रिसेप्टरच्या रचनेत कोलेस्टेरॉलचे रेणू त्याला बिलगून बसलेले दिसले, तेसुद्धा प्रयोगातच. एआय आल्यामुळं नोकऱ्या जातील त्या ज्यांना नुसतं पिपेट (द्रव मोजून घ्यायची नळी) चालवता येतं त्यांच्या. म्हणून पायथन ही संगणकाची भाषा यंदाच शिकायला लावा. भाच्यालाच कामाला लावा की!

आता पैसा आणि वय. पीएच.डी.ला पाच-सहा वर्षं लागतात, कमी सांगून उपयोग नाही. पण तो काळ बिनपगारी नसतो. नेट या राष्ट्रीय परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिप मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना 37,000 आणि पुढं 42,000 रुपये, शिवाय घरभाडं. म्हणजे शिकत असतानाच ती स्वतःच्या पायावर असेल. पुढं प्राध्यापकाच्या जागा मोजक्याच, आणि त्यासाठी बहुधा परदेशी पोस्टडॉक, म्हणजे पीएच.डी.नंतरचं संशोधन, करावं लागतं. कंपन्यांतलं संशोधन हैदराबाद, बंगळुरू आणि पुण्यात आहे. तीन वर्षांत घरात पगार यायलाच हवा अशी ओढ असेल, तर ही वाट धरू नका. तशी ओढ तुमच्या पत्रात मला दिसली नाही. लग्नाच्या वयाबद्दल मी काही बोलत नाही. ते तिला विचारा.

दुकानाचं म्हणाल तर नोंदणीकृत फार्मासिस्ट लागतो, आणि बी.एस्सी.वर ती नोंदणी होत नाही. आता फार्मसी म्हणजे डी.फार्म. किंवा बी.फार्म. पहिल्या वर्षापासून, झालेली वर्षं पाण्यात. हे तिच्यावर लादू नये असं मला स्पष्ट वाटतं. तुम्ही स्वतः काउंटरवर आहात तोवर दुकानाचं अडत नाही.

पुढचा रस्ता. आयआयटीची जॅम ही परीक्षा तिनं पदवीच्या शेवटच्या वर्षी द्यावी. रसायनशास्त्राचा पेपर घ्या किंवा बायोटेक्नॉलॉजीचा, गणित दोन्हींत आहे. त्यामुळं अकरावी-बारावीचं गणित या सुट्टीपासून, क्रमानं, घरीच. जॅमवर आयआयटींत एम.एस्सी. आणि बंगळुरूच्या आयआयएससीत (भारतीय विज्ञान संस्था) एकात्मिक पीएच.डी. यांची दारं उघडतात. पुण्याचं आयसर आणि बंगळुरूचं एनसीबीएस या संशोधन संस्थांच्याही प्रवेशाच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. चार वर्षांची ऑनर्स पदवी संशोधनासह घ्यायची सोय तिच्या कॉलेजात असेल तर चौथं वर्ष सोडू नये. 75 टक्क्यांच्या वर राहिली तर त्या पदवीवरही पीएच.डी.ला पात्र ठरता येतं. आणि काहीच जमलं नाही तर आपल्या सोलापूर विद्यापीठातून एम.एस्सी. करून नेट देता येतेच. त्यात कमीपणा नाही, पण मिळत असेल तर बाहेर पडावं.

बाहेर म्हणजे कुठं? माझं मत हैदराबाद. तिथल्या सीसीएमबी या पेशी आणि रेणूंवरच्या संशोधन केंद्रात अमिताभ चट्टोपाध्याय यांनी सेरोटोनिनचा रिसेप्टर आणि पडद्यातलं कोलेस्टेरॉल यांच्या नात्यावर वर्षानुवर्षं काम केलं. पूर्व भागातल्या पुष्कळ घरांसारखी तुमच्याकडेही तेलुगू बोलली जात असेल, तर तिला ते गाव परकं वाटायचं नाही. हुसेनसागर एक्स्प्रेसमध्ये बसलं की थेट. मुंबईतही याच विषयाचं सुंदर काम झालं आहे. रूप मलिक यांच्या गटानं दाखवलं की यकृताच्या पेशीत मेदाचे थेंब ओढून नेणारं काइनेसिन हे प्रथिन त्या थेंबांवर चढतं की नाही, हे इन्सुलिन ठरवतं. उपाशीपोटी इन्सुलिन उतरलेलं असतं, म्हणून यकृतात चरबी साठलेली असूनही ती भसाभस रक्तात सोडली जात नाही. एकादशी करणाऱ्यांच्या घरात हे वाचून दाखवा, पोरीच्या विषयाबद्दल आजीचंही मत बदलेल.

पण आधी एक चाचणी. विज्ञान अकादमींची उन्हाळी संशोधन फेलोशिप असते. तिच्यासारख्या विद्यार्थ्यांना साधारण दोन महिने खऱ्या प्रयोगशाळेत काम करायला मिळतं, विद्यावेतनही मिळतं. अर्ज दिवाळीच्या आसपास निघतात आणि शिक्षकाचं शिफारसपत्र लागतं, तेव्हा सरांना आत्ताच सांगून ठेवा. तो थंड खोलीतला पांढरा गाळ बघून ती परत आली आणि तरीही हेच करायचं म्हणाली, तर तुम्ही मध्ये पडू नका. जॅमच्या जुन्या प्रश्नपत्रिका आयआयटीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. पुण्याच्या एखाद्या क्लासची फी भरण्याआधी त्यातल्या एक-दोन तिला घड्याळ लावून सोडवू द्या.