वाचकांचे प्रश्न : घरातलं दुःख आणि शॉर्ट फिल्म

प्रश्न : वडील गेल्यानंतर घर कसं बदलतं, यावर शॉर्ट फिल्म करतोय. पटकथा 22 पानांची झाली आहे. लांबते आहे का?

उत्तर : हो, लांबते आहे. एका पानाला एक मिनिट हा हिशेब बोलक्या दृश्यांना लागू पडतो. तुमच्या विषयात अर्ध्या पानाचं दृश्य पडद्यावर दोन मिनिटं घेईल, म्हणजे फिल्म अर्ध्या तासाच्या पुढे जाईल. ऑस्करसारख्या ठिकाणी श्रेयनामावलीसह 40 मिनिटं चालतात खरी, पण महोत्सवात एकाच खेळात पाच-सहा फिल्म बसवायच्या असतात. 15 मिनिटांच्या आतलीला जागा मिळणं सोपं जातं.

आधी फ्लॅशबॅक काढा, मग ‘बाबा असते तर’ छापाचे संवाद. उरलेल्यात घरातलं अडलेलं एखादं काम शोधा. समजा, वडिलांच्या मोबाईलचा पहाटेचा गजर रोज वाजतो. तेवढ्यापुरता तो थांबवता येतो, पण कायमचा काढायला लागणारा पिन कुणालाच माहीत नाही. गजर रोज कोण थांबवतं, आणि एके दिवशी कोण थांबवत नाही, एवढ्यावर तीन दृश्यं उभी राहतात.

प्रश्न : शूटिंग झालं. शांत दृश्यांत मागे ‘हिस्स’ ऐकू येतं आणि प्रत्येक कटला आवाज उडी मारतो. संगीत घालून झाकू का?

उत्तर : नको. संगीत ओसरलं की उडी पुन्हा ऐकू येईल, शिवाय प्रत्येक शांततेवर व्हायोलिन वाजलं की प्रेक्षक सावध होतो.

कारणं बहुधा दोन. रेकॉर्डिंग ऑटो लेव्हलवर असेल, तर कुणी बोलेनासं झालं की यंत्र आपणहून आवाज चढवतं आणि खोलीची घरघर वर येते. दुसरं म्हणजे खोलीचा नुसता आवाज, म्हणजे रूम टोन, वेगळा घेतलेला नसेल.

सध्या एवढं करा : संवादांमधल्या मोकळ्या जागा गोळा करून सलग पट्टी बनवा आणि दृश्याखाली अखंड पसरा. पट्टी दहा सेकंदांहून आखूड असली तर तिची आवर्तनं कानाला कळतात. प्रत्येक कटवर चार-सहा फ्रेमचा क्रॉसफेड द्या, म्हणजे आधीचा आवाज विरत असतानाच पुढचा चढत येतो. नॉइज रिडक्शन, म्हणजे मागची घरघर पुसणारं साधन, जपून वापरा, जास्त झालं की माणूस पाण्याखालून बोलल्यासारखा वाटतो. कपाची किणकिण, कपड्यांची सळसळ घरीच नव्याने रेकॉर्ड करून वर बसवा. अशा फिल्ममध्ये निम्मा अभिनय हे आवाजच करतात.

पुढच्या वेळी लेव्हल हातानेच लावा, संवादाची शिखरं उणे 12 डेसिबलच्या आसपास ठेवा आणि 48 किलोहर्ट्झ, 24 बिटवर रेकॉर्ड करा. प्रत्येक खोलीत सगळे जागच्या जागी थांबलेले असताना त्याच माइकने 60 सेकंद रूम टोन घ्या. फ्रिज बंद करताना गाडीची किल्ली फ्रिजमध्येच ठेवा, म्हणजे तो पुन्हा सुरू केल्याशिवाय कुणी निघणार नाही.

प्रश्न : आईची भूमिका आईच करणार आहे. रडण्याचा प्रसंग कसा घ्यावा?

उत्तर : शक्य असेल तर अभिनेत्री घ्या. आईच हवी असेल, तर तिचं खरं दुःख जसंच्या तसं प्रसंगात घालू नका. ‘थांब’ म्हणण्यासाठी हाताची एखादी खूण आधीच ठरवा.

तालीम फक्त हालचालींची करा, फोकसच्या जागा टेपने आखून घ्या. क्लोजअप आधी, वाइड नंतर. खरं रडू पहिल्या दोन-तीन टेकमध्येच येतं आणि डोळे सुजले की आधीच्या दृश्यांशी चेहरा जुळत नाही. म्हणूनच हा प्रसंग दिवसाच्या शेवटी ठेवा. संवाद संपल्यावर वीस सेकंद ‘कट’ म्हणू नका. अनेकदा कामाचा शॉट त्यातच मिळतो. वडिलांचे फोटो किंवा व्हॉइस नोट वापरणार असाल, तर भावंडांची लेखी संमती शूटिंगपूर्वीच घ्या. एडिट झाल्यावरची कौटुंबिक भांडणं फिल्म कपाटात ठेवायला लावतात.

प्रश्न : घरातल्या ट्यूबलाइटखाली फुटेजमध्ये पट्टे सरकतात.

उत्तर : वीज 50 हर्ट्झची असेल तर सेकंदाला 25 फ्रेम आणि शटर 1/50 सेकंद ठेवा, 60 हर्ट्झला 30 आणि 1/60. तरीही स्वस्त एलईडी लुकलुकला तर दिवाच बदला. लुकलुकलेलं फुटेज नंतर दुरुस्त करत बसणं दिवा बदलण्यापेक्षा कितीतरी महाग पडतं.